व्हय म्हाराजा! पेशीतलं गाऱ्हाणं गोष्टीतून शिकवताना

प्रश्न असा आला आहे: "मी गुहागरकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मुलांना पेशीअंगकांची नावं आणि कामं तोंडपाठ असतात. पण संप्रेरक आल्यावर पेशीत नेमकं काय होतं असं विचारलं की सगळी गप्प. आकृतीतले बाण बघूनच घाबरतात. भुताखेतांच्या, जादूच्या गोष्टी रचून हे शिकवता येईल का? आणि त्यातून चुकीच्या कल्पना तर डोक्यात बसणार नाहीत ना?"

शिकवता येईल. आणि गोष्ट बेतताना काळजी घेतली नाही, तर चुकीच्या कल्पनाही बसतील, चांगल्या घट्ट बसतील. मी मालवण-देवगड पट्ट्यात सव्वीस वर्षं हा विषय शिकवला. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं चुकीची गोष्ट सांगण्यात गेली, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

माझी पहिली गोष्ट सगळेच सांगतात तीच होती. पेशी म्हणजे गाव. केंद्रक सरपंच, तंतुकणिका वीजकेंद्र, गॉल्गी संकुल पोस्ट ऑफिस, लयकारिका कचऱ्याचा खड्डा. मुलं खूश, मी खूश. एका वर्षी रक्त शिकवताना सांगितलं, की माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, तरी ती साधारण १२० दिवस काम करते. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाईनू, मगे थंय सरपंच कोण?" त्याच्या शेजारच्याने लगेच उत्तर दिलं, "प्रशासक नेमलो असतलो!" वर्ग हसला, मीही हसले. घरी गेल्यावर मात्र लक्षात आलं, की दोन पोरांनी दोन वाक्यांत माझी गोष्ट मोडून टाकली होती.

त्याच वर्षीच्या एका उत्तरपत्रिकेत वाक्य होतं: "शरीराला साखर हवी हे केंद्रकाला कळते व ते हुकूम सोडते." मुलाचा दोष नव्हता, सरपंच मीच बसवला होता. केंद्रकाला काही कळत नाही. भीती वाटल्यावर यकृतातून साखर सुटते त्या झटपट कामात तर केंद्रकाकडे कोणी फिरकतही नाही. लागणारी सगळी विकरं, म्हणजे एन्झाइम, आधीच पेशीत हजर असतात, फक्त ती जागी व्हायची असतात.

तेव्हापासून मी सरपंच काढून टाकला आणि त्याच्या जागी एक शाप आणला.

गोष्टीतल्या वाडीचं नाव शापित वाडी. शाप असा, की इथल्या कोणालाच दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि कोणालाच पूर्ण गोष्ट माहीत नाही. प्रत्येकाला एकच आकार ओळखता येतो, तोही हाताने चाचपून. तो आकार हाताला लागला की एकच काम करायचं आणि पुन्हा थांबायचं. आपण ते का केलं, पुढे काय झालं, हे त्याला कधीच कळत नाही. दुसरा नियम असा, की इथे कोणी कुठे "जात" नाही, ढकलला जातो. आमच्याकडे हा नियम समजवायला आंगणेवाडीची जत्रा पुरते. भर गर्दीत तुम्ही पाय उचललेत तरी पुढे जाता, आणि जायचं असतं देवळाकडे पण पोचता खाजाच्या दुकानाशी. पेशीतल्या पाण्यात रेणूंची अशीच रेटारेटी चालू असते. रेणू योग्य जागी पोचतो तो जागा शोधून नव्हे, हजार चुकीच्या जागी आपटून.

जादूच्या गोष्टीचा फायदा मला इथे दिसतो. कारखाना किंवा गाव घेतलं की त्याबरोबर मालक, हुकूम, हेतू, पगार सगळं आपसूक येतं. तुम्ही नको म्हटलं तरी येतं. जादूच्या जगात नियम तुम्ही ठरवता. मुलंही ते नियम काटेकोर पाळतात. "त्याका दिसणा नाय ना, मग त्येका कळला कसा?" असं तीच एकमेकांना टोकतात, आणि हा प्रश्न संदेशवहन शिकण्यातला निम्मा भाग आहे.

आता मुख्य गोष्ट. ही मी तीन तासिका लावून सांगते, तुम्हीही घाई करू नका.

अमावास्येची रात्र. एक मुलगा दशावतार बघून एकटाच घरी येतोय. साकवावर पोचतो आणि खालून पाण्यात काहीतरी डुबुक करतं. गिऱ्हाच तो, पाण्यातलं भूत! पोरगा धूम ठोकतो. आता पळायला पायांना साखर हवी. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रेनलिन रक्तात सुटतं आणि वाहत वाहत यकृतातल्या एका पेशीच्या कुडाशी, म्हणजे प्रद्रव्यपटलाशी, येतं. आणि तिथेच थांबतं. आत येत नाही. हे तीनदा सांगा. अॅड्रेनलिन पाण्यात विरघळणारं, कूड स्निग्ध पदार्थाचा, दोघांचं जमत नाही. निरोप आत जातो, निरोप्या बाहेरच राहतो.

आमच्या मुलांना गाऱ्हाणं ठाऊक असतं. एक जण देवापुढे मागणं मांडतो, "बा देवा म्हाराजा", आणि बाकीचे प्रत्येक ओळीला "व्हय म्हाराजा!" करतात. मी तेच वर्गात करते. सात-आठ मुलं रांगेत, डोळे मिटून. आधीच्याचा हात खांद्यावर पडला की "व्हय म्हाराजा" म्हणायचं आणि आपलं काम करायचं. (खरं गाऱ्हाणं घेऊ नका. गावाच्या देवाचं, राखणदाराचं नाव तर नकोच, गावऱ्हाटीत ते चालत नाही आणि का चालावं? आम्ही शब्द आमचे बांधतो, फक्त ठेका घेतो.)

पहिली मुलगी म्हणजे कुडातली ग्राही, बाहेरचा निरोप पकडणारं प्रथिन. ती कुडातून सात वेळा आत-बाहेर ओवलेली वेल आहे. बाहेरच्या बाजूला अॅड्रेनलिन टेकलं की वेल जराशी पिळते आणि आतल्या बाजूचा तिचा आकार बदलतो. एवढंच. तिच्या मागे तीन भावंडं हात धरून झोपलेली, आल्फा, बीटा, गॅमा. हे जी-प्रथिन. आल्फाच्या हातात विझलेली चूड आहे, ती म्हणजे दोन फॉस्फेटचा रेणू, नाव जीडीपी. (देशाच्या उत्पन्नाशी संबंध नाही, पण हा विनोद दर वर्षी कोणीतरी करतंच, करू द्या.) वेल पिळल्यावर आल्फाच्या हातातून विझलेली चूड गळून पडते आणि आजूबाजूला पेटत्या चुडींची रेलचेल असल्याने हातात पेटती चूड येते, ती तीन फॉस्फेटची जीटीपी.

इथे थांबा. नव्वद टक्के मुलं म्हणतील, चूड पुन्हा पेटवली. नाही. विझलेली टाकली, नवी घेतली. जीडीपीला फॉस्फेट जोडून तिथल्या तिथे जीटीपी होत नाही, अदलाबदल होते. चूड हे रूपक मी याचसाठी निवडलं. रात्री माडाच्या चुडतांची चूड हातात घेऊन चाललेल्याला ठाऊक असतं, की जळून गेलेली चूड परत पेटत नाही. आणि तिचा दुसरा गुण त्याहून मोलाचा: चूड आपोआप विझते. आल्फा स्वतःच आपल्या हातातल्या जीटीपीचा एक फॉस्फेट तोडतो आणि पुन्हा झोपी जातो. त्याला थांब म्हणणारा कोणी लागत नाही, घड्याळ त्याच्याच मुठीत असतं.

चूड पेटल्यावर आल्फा भावंडांचा हात सोडतो, कुडाच्या आतल्या बाजूने सरकत सरकत एका विकराला जाऊन टेकतो. हिला आम्ही कासारीण म्हणतो, कारण ती एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा, तीन फॉस्फेटचा रेणू) घेऊन त्यातले दोन फॉस्फेट काढून टाकते आणि उरलेल्याचं कडं वळवते. हे कडं म्हणजे सायक्लिक एएमपी. आल्फाची चूड पेटती आहे तोवर ती कडी वळत राहते. कडी पेशीभर पसरतात आणि चार कडी मिळून एका कुलपाला लागतात. कुलपात चार जण असतात, दोन पहारेकरी आणि दोन कैदी. चारही कडी पहारेकऱ्यांच्या हातात पडली, प्रत्येकी दोन, की त्यांची पकड सुटते आणि कैदी मोकळे. हे कैदी म्हणजे प्रोटीन कायनेज ए. ते दिसेल त्या ओळखीच्या प्रथिनावर फॉस्फेटचा टिळा लावत सुटतात. टिळा लागलेलं विकर पुढच्याला टिळा लावतं, आणि शेवटचं विकर ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या साखरेच्या, झाडाची ग्लुकोज-फॉस्फेटची फळं एकेक करून तोडू लागतं.

आता काजूच्या बिया आणा. एका अॅड्रेनलिनमुळे शेवटी किती साखर सुटते हे नुसतं सांगून कळत नाही. पाठ्यपुस्तकात ढोबळ आकडा सापडतो, एका रेणूमागे सुमारे दहा कोटी. आम्ही जमिनीवर मांडतो. एक बी, मग दहा, मग शंभर. चौथ्या टप्प्यालाच बिया संपतात आणि मुद्दा कळतो. पण एक सूक्ष्म गोष्ट इथे हुशार मुलांकडून काढून घ्या: प्रत्येक पायरीला वाढ होत नाही. एक आल्फा एकाच कासारणीला टेकतो, तिथे एकास एक. चार कडी लागून दोनच कैदी सुटतात, तिथे तर उलट घट. वाढ होते ती जिथे विकर काम करत राहतं तिथे. माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "मग ह्या मधल्या पायऱ्या कशाक?" मी तिलाच विचार करायला लावलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "थंय थांबवूक गावता." बरोबर. जिथे पायरी आहे तिथे लगाम लावता येतो.

लगामांपैकी एक तर सांगाच, कडी मोडणारा फॉस्फोडायएस्टरेज. कडी वळणारी आहे आणि मोडणारा नाही, तर निरोप कधी संपणारच नाही. चहा-कॉफीतलं कॅफीन याला अडवतं असं पुस्तकं सांगतात आणि ते खरंही आहे, पण त्याला मात्रा बरीच लागते. कपभर चहाने तरतरी येते ती मुख्यतः झोप आणणाऱ्या अडेनोसिनच्या ग्राही अडवल्या गेल्याने. मुलं हे हमखास विचारतात.

साखर शेवटी पेशीबाहेर पडते कशी, तिथे पेशीअंगक येतं. ग्लुकोजला चिकटलेला फॉस्फेट काढणारं विकर यकृतपेशीच्या आंतर्द्रव्यजालिकेत बसलेलं असतं. फॉस्फेट निघाल्याशिवाय ग्लुकोजला बाहेरची वाट नाही. स्नायूत हे विकर नसतं, म्हणून स्नायू आपली साखर आपल्यालाच वापरतो, शेजाऱ्याला देत नाही. यकृत मात्र गावजेवण घालतं. अॅड्रेनलिनला यकृतावर आणखी एक दार आहे, त्या वाटेने जालिकेत साठवलेलं कॅल्शियम सुटतं. ते अकरावीला नको, पण तुम्हाला माहीत असू द्या, कारण एखादी मुलगी विचारेल.

ही साखळी कोणाला एका दिवसात सापडली नाही, हे मी एका छोट्या रहस्यकथेसारखं सांगते. १९५०च्या दशकात अर्ल सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृताच्या पेशी फोडून त्यांचा गाळ आणि वरची निवळ वेगळी केली. निवळीत अॅड्रेनलिन टाकलं, काही नाही. गाळात टाकलं, मग तो गाळ उकळला आणि त्यातला अर्क निवळीत घातला, तर विकर जागं झालं! उकळूनही टिकतं म्हणजे ते प्रथिन नव्हे. मग काय असेल? इथे वर्गाला पाच मिनिटं द्या. ते कडं होतं. सदरलँडना १९७१ साली नोबेल मिळालं. चूड हातात घेणारं जी-प्रथिन शोधणाऱ्या गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४ साली, आणि सात वेढ्यांच्या वेलीवर काम करणाऱ्या लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ साली. मुलांनी जी गोष्ट तीन तासिकांत ऐकली ती जोडायला माणसांची हयात गेली.

पेशीअंगकांच्या गोष्टी मी स्वतंत्र सांगत नाही, निरोपाच्या गोष्टीत त्यांना ओढून आणते. दोन मात्र फार चालतात.

एक वेताळाची. आपल्याकडे वेताळाला वहाणा वाहतात, रात्रभर फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून. कायनेसिन हे प्रथिन अगदी तसं, दोन पायांचं, डोक्यावर स्वतःहून कितीतरी मोठं गाठोडं. ते सूक्ष्मनलिकेच्या वाटेवरून चालतं. एक पाऊल ८ नॅनोमीटर, आणि दर पावलाला एक एटीपी खर्च. पाठीच्या कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत चेतापेशीचा तंतू जवळपास मीटरभर असतो आणि जलद वाहतूकही दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटरच होते. म्हणजे गाठोडं पोचायला अडीच ते पाच दिवसांची पायपीट. इथे शापाचा नियम मोडतो असं मुलं म्हणतात, कारण हा चक्क चालतो! त्यांना शाबासकी द्या आणि मग सांगा, की त्यालाही गर्दीचे धक्के बसतातच, एटीपी त्याचं पाऊल मागे घसरू देत नाही, म्हणून धक्क्यांचीच चाल होते.

दुसरी चाकरमान्याची. आंतर्द्रव्यजालिकेत प्रथिनांना घड्या घालायला मदत करणारी काही प्रथिनं कायमची वस्तीला असतात. पण तिथून गॉल्गी संकुलाकडे सतत पिशव्या सुटतात आणि रेट्यात ही घरचीही माणसं वाहून जातात. त्यांना परत कसं आणायचं? त्यांच्या शेपटाला चार अमिनो आम्लांची खूण असते, अक्षरांत लिहिली तर के-डी-ई-एल. गॉल्गीत ही खूण ओळखणारा एक ग्राही असतो. गॉल्गी थोडं आम्लधर्मी, तिथे तो खूण घट्ट धरतो. परतीच्या पिशवीत बसून जालिकेत आला, की तिथली आम्लता कमी, हात सुटतो. मुंबईला गेलेला चाकरमानी चतुर्थीला गावी आणि गावात पाय टाकला की मोकळा, अशी ही गोष्ट. आमच्या मुलांच्या घरोघरी हे घडतं, त्यामुळे वेगळं समजवावं लागत नाही.

ही दोन्ही पात्रं पक्की झाली की मग माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगते. तिच्यात खलनायक आहे आणि तो खरा आहे.

एक बहुरूपी राक्षस, पाच पायांवर उभा, पोटात खंजीर. आतड्यातल्या पेशीच्या कुडावर पाचही पाय रोवतो. पेशी त्याला पिशवीत घालून आत घेते. आणि इथे त्याचं सोंग सुरू होतं. त्याच्या शेपटाला के-डी-ई-एलची खूण आहे! गॉल्गीतला भोळा ग्राही त्याला चाकरमानी समजतो आणि उलट्या वाटेने जालिकेत पोचवतो. तिथे खंजीर पायांपासून सुटा होतो आणि दुसरं सोंग घेतो, घडी बिघडलेल्या प्रथिनाचं. बिघडलेलं प्रथिन जालिका बाहेर पेशीद्रव्यात फेकते, नाश करायला. खंजीर फेकला जातो आणि नाश व्हायच्या आत आल्फाला गाठतो. त्याच्या चूड धरलेल्या हाताला असा काही डाग देतो, की आता चूड विझतच नाही.

इथे गोष्ट थांबवायची आणि पुढचं मुलांना सांगू द्यायचं. चूड विझली नाही तर? कासारीण कडी वळतच राहील. कैदी सुटतच राहतील. हे यकृत नाही, आतडं आहे, इथे कैदी टिळा लावतात तो क्लोराईडच्या दाराला. दार उघडं राहतं, क्लोराईड आतड्याच्या पोकळीत वाहतं, मागोमाग सोडियम, मागोमाग पाणी. बादलीभर पाणी. तेव्हा कोणीतरी म्हणतंच, "बाई, हा कॉलरा!"

कॉलऱ्याचे जंतू विष सोडतात आणि त्या विषानेच पाणी सुटतं, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं, १९५९ साली. जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही आतड्यात पाणी भरतं, एवढा साधा आणि एवढा सुंदर प्रयोग. मी हे नाव फळ्यावर मोठं लिहिते. आमच्या पुस्तकांत ते दिसत नाही.

आणि उपायही याच गोष्टीत आहे. क्लोराईडचं दार अडकून उघडं राहिलं, तरी आतड्याचं दुसरं एक दार शाबूत असतं, त्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत येतात आणि त्यांच्यामागे पाणी. म्हणून मीठ-साखरेचं पाणी. नुसतं मीठ-पाणी दिलं तर जोडीदाराविना सोडियम त्या दाराशी ताटकळतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनोबीस यांनी हे पाणी पाजून कितीतरी जीव वाचवले. आजीची मीठ घातलेली पेज का उपयोगी, हेही इथेच कळतं. पेजेतला पिष्टमय भाग पचून ग्लुकोजच देतो. अर्थात घरात ओआरएसचं पाकीट असताना पेजेवर भागवायचं नाही, हे मी आवर्जून सांगते, कारण मुलं घरी जाऊन आजीला सांगतात आणि आजी खूश होते.

एवढं झाल्यावर इन्सुलिनची गोष्ट मी सांगतच नाही, गृहपाठाला देते. सूत्र एका ओळीचं: स्नायूच्या पेशीत साखरेची दारं कुडाला लावलेली नसतात, आत पिशव्यांत गुंडाळून ठेवलेली असतात, आणि इन्सुलिनच्या गाऱ्हाण्याने ती कुडाला येऊन लागतात. मुलं स्वतः पात्रं रचतात. एकदा एका गटाने दारांची गोष्ट हापूसच्या पेट्यांवर बसवली होती आणि ती माझ्या कोणत्याही गोष्टीपेक्षा बरी होती.

तंतुकणिकेची गोष्ट मुलांना फार आवडते, म्हणून मी ती जपून सांगते. बाहेरून आलेला पाहुणा घरचाच झाला, स्वतःची पोथी मात्र सोडली नाही: १६,५६९ अक्षरजोड्या, ३७ जनुकं, त्यातली फक्त १३ प्रथिनांसाठी. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली हे आग्रहाने मांडलं तेव्हा फारसं कोणी ऐकलं नाही. गोष्ट खरी आहे, पण मुलं पाहुण्याच्या प्रेमात पडतात आणि काम विसरतात. त्यापेक्षा सायटोक्रोम सी सांगा. ते तंतुकणिकेच्या दोन पटलांमध्ये राहून इलेक्ट्रॉन पुढे देण्याचं निमूट काम करतं. तेच पेशीद्रव्यात सांडलं की पेशीच्या मरणाचा निरोप होतं. रेणू तोच, फक्त माजघरातून अंगणात आला. निरोपाचा अर्थ जागेवर ठरतो, हे एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कशाने कळत नाही.

आता चुकीच्या कल्पनांबद्दल. प्रत्येक गोष्टीनंतर मी एक तासिका "गोष्ट मोडायला" ठेवते. वर्गातली दोन मुलं शंकेखोर, त्यांचं काम गोष्ट कुठे खोटं बोलली ते शोधायचं. कासारणीला हात नसतात. कैद्यांना सुटायची हौस नसते. चूड जळते तशी जीटीपी जळत नाही, पाण्याच्या साहाय्याने तुटते. अॅड्रेनलिन ग्राहीला एकदा टेकून कायमचं बसत नाही, सुटतं आणि पुन्हा टेकतं. हे मुलांनी काढलं की वहीच्या डाव्या पानावर गोष्ट आणि उजव्या पानावर पुस्तकातले शब्द, समोरासमोर. हे टाळू नका. परीक्षेत "कासारीण" लिहून गुण मिळत नाहीत आणि नीटची तयारी करणारी मुलं त्याबाबत फार हळवी असतात.

समजलं की नाही हे मी व्याख्या विचारून बघत नाही. फक्त "नसता तर?" विचारते. कडी मोडणारा नसता तर? पहारेकऱ्यांना कडी ओळखता आली नसती तर? ग्राही आहे पण आल्फा नाही तर? जो हे सांगू शकतो त्याला बाण येतात.

एक कटकट मलाही झाली, तुम्हालाही होईल. एका पालकाने तक्रार केली, की बाई शाळेत भुतं शिकवतात. मी त्यांना वर्गात बोलावून कॉलऱ्याच्या गोष्टीला बसवलं. तक्रार मागे घेतली नाही, पण पुढच्या वर्षी धाकट्या मुलीला माझ्याच तुकडीत घातलं. गिऱ्हा खरा नाही, पळणाऱ्या पोराच्या रक्तातलं अॅड्रेनलिन खरं, हे वाक्य सुरुवातीलाच स्पष्ट बोलून टाका.

आणि एका संप्रेरकावर थांबू नका, नाहीतर सगळी संप्रेरकं दाराबाहेर थांबतात असं मुलं धरून चालतात. थायरॉक्सिन थेट आत येतं आणि त्याचा ग्राही केंद्रकातच जनुकांपाशी बसलेला असतो. म्हणून त्याचं काम सावकाश, दिवसांच्या हिशोबाने. यासाठी गोष्ट रचायचीही गरज नाही, जूनमध्ये सड्यावर जा. कातळावरच्या डबक्यांत बेडकाची पिल्लं वळवळत असतात. १९१२ साली गुडर्नाच यांनी अशा पिल्लांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ती वेळेआधीच, माशीएवढ्या आकारात, बेडूक होऊ लागली. गंमत अशी, की त्याच एका संप्रेरकाने शेपटीच्या पेशी मरतात आणि पायांच्या पेशी वाढतात. गाऱ्हाणं एकच, "व्हय म्हाराजा" म्हणणारे वेगळे.

तुमच्याकडेही सडे आहेत, तेव्हा पहिल्या पावसानंतर इथूनच सुरुवात करा असं सुचवेन. चार-पाच पिल्लं पुरेत, रुंद तोंडाच्या भांड्यात, त्याच डबक्याच्या पाण्यात आणि शेवाळासकट. नळाचं पाणी घालू नका. मुलांना रोज शेपटीची लांबी मोजून लिहू द्या. पुढचे पाय फुटले, की भांड्यात पाण्याबाहेर डोकं काढेल असा एक दगड ठेवा, त्या दिवसांत ती हवेत श्वास घेऊ लागतात आणि टेकायला जागा नसेल तर बुडतात. आणि शेपटी गेली की त्याच डबक्यात नेऊन सोडा.